पसाभर कोंड्याची लेक

मला जन्मल्याच्या आठवड्यातच विकलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात कुणी कधी लपवली नाही. उलट पाहुणे आले की चहा-चिवड्याबरोबर तीही पुढे यायची. माझ्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून मी झाले तेव्हा साताऱ्याहून आलेल्या आजीनं कुणाचं काही ऐकलं नाही. मला सुपात घातलं आणि शेजारच्या शकुंतलाबाईंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. शकुंतलाबाईंनी पसाभर गव्हाचा कोंडा मोजून दिला, मला विकत घेतलं, आपल्या हातानं पाळण्यात निजवलं आणि दुपारी दूध पाजायला म्हणून पुन्हा आमच्याच घरी पाठवून दिलं. सटवाई मूल न्यायला आलीच तर तिला त्या घरात घरचं मूल सापडू नये, शेजारणीचं सापडावं, अशी ती युक्ती. शकुंतलाबाईंचे मुलगे सगळे धडधाकट, त्यामुळे त्यांच्या वाट्याला सटवाई जाणार नाही, असा आजीचा हिशेब. कोंड्याला घेतलेली म्हणून मी कोंडू. पाळण्यातलं नाव मंजिरी, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं.

आता विकलेलं मूल म्हटल्यावर त्याचे नियम आले. ज्यांनी मला विकत घेतलं त्या शकुंतलाबाई माझी माय. आणि जिनं मला जन्म दिला, जिच्या कुशीत मी झोपले, जिच्या हातची आमटी ओरपून मोठी झाले, तिला मी म्हणायचं काकू. बाबांना या खटाटोपातून सूट होती, ते नुसते बाबा. काकू मला चुकूनसुद्धा 'माझी' म्हणत नसे. हळदीकुंकवाला कुणी विचारलं, ही तुमची का हो, की ती लगेच म्हणायची, "छे, ही शकुंतलाबाईंची." जेवायला बसले की, "शकुंतलाबाईंच्या मुलीला भात वाढा, पोरगी सुकलीय." माझे वाढदिवस मायच्या घरी व्हायचे, नवा फ्रॉक मायच्या हातून यायचा. कापड काकूनंच आणलेलं, शिवलेलंही तिनंच, पण घडी करून आधी शेजारी पोचतं व्हायचं. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांना एक आई असते, मला एक माय आणि वर एक काकू, म्हणजे मी फायद्यातच. पण वय वाढलं तशी मी काकूच्या तोंडाकडे बघायला लागले. वेण्या घालताना तिची बोटं केसांत रेंगाळायची, आणि वाटायचं, आता म्हणेल. एकदा तरी म्हणेल. ती रिबिनीची गाठ ओढून म्हणायची, "जा, तुझ्या मायला दाखवून ये."

आम्ही भोपाळात आनंद नगरला राहत होतो. बाबा जवळच्या मोठ्या कारखान्यात टर्बाइन विभागात इंजिनिअर होते. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग रायसेन रोडवर स्कूटर आणि सायकलींचा लोंढा सुरू व्हायचा, आणि त्याच्या मागोमाग मायच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा ठसका. माय नागपूरची. तिच्या यजमानांची सरकारी कचेरी इकडे आली म्हणून ती आली, पण जीभ नागपुरातच ठेवून आली. तिच्याकडचा गोळाभात, पुडाच्या वड्या, नाकातून पाणी काढणारा रस्सा. आणि आमच्याकडे काकूची चिंच-गुळाची आमटी आणि मऊ घडीच्या पोळ्या. रविवारी दोन्ही घरांत भोपाळी पोहे-जलेबी, त्यावर तर कुणाचंच दुमत नव्हतं. दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून वाट्या, निरोप आणि मी, असं सगळं दिवसभर इकडून तिकडे होत असे. मी आता भोपाळातच अवधपुरीत राहते. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती, आता खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी. वाटी द्यायची तर लिफ्टनं खाली जाऊन पुन्हा वर चढावं लागतं, त्यामुळे कुणी देत नाही.

खरा घोळ बाबांनी घातला. बाबांचा सटवाईवर काडीचा विश्वास नव्हता, पण ते इंजिनिअर होते आणि अर्धवट काम त्यांना खपत नसे. माझ्या जन्माची नोंद करायला गेले तेव्हा आजीनं बजावलं, बघ हो, सगळीकडे एकच सांगायचं. बाबांनी विचार केला, विकलंय तर विकलंय, आणि आईच्या नावापुढे खुशाल शकुंतलाबाईंचं नाव लिहून आले. पुढे शाळेतही तेच लागलं. सगळ्या गल्लीला ठाऊक, शाळेतल्या बाईंनाही ठाऊक, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते माझी बारावी झाल्यावर, बाबांना कॅनडात नोकरी मिळाली तेव्हा.

त्या दिवसांत आमचं घर नुसतं उकळत होतं. कॅनडा! बाबा भूगोलाचं जाड पुस्तक घेऊन आले. काकूनं शेवया, कुरडया, मेतकूट यांचा असा धडाका लावला की जणू कॅनडात जेवायला देत नाहीत. माय स्वेटर विणत होती आणि दर दोन ओळींनी मला अंगाला लावून बघत होती, भोपाळच्या मे महिन्यात. मी तर हवेतच होते. आरशासमोर उभी राहून इंग्रजीतून स्वतःशी बोलायची. मग दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला बोलावणं आलं आणि आम्ही तिघं ठेवणीतले कपडे घालून गेलो.

तिथला गोरा अधिकारी सज्जन होता. कागद चाळता चाळता थांबला आणि बाबांना विचारलं, तुमच्या पत्नीचं नाव सुमती, मग मुलीच्या आईच्या जागी ही शकुंतला कोण? बाबा इमानदारीनं म्हणाले, "आमच्या शेजारीण." अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. काकूकडे इतक्या कणवेनं बघितलं की विचारू नका, आणि तिच्यासाठी पाणी मागवलं. मग हळूच विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?" काकूला इंग्रजी बेताचंच कळायचं. शेजारणीचा विषय निघालाय एवढं तिला समजलं, आणि ती ताठ बसून म्हणाली, "येस. आय गेव्ह. हॅपी." बाबांच्या लक्षात आलं की गाडी भलतीकडे चाललीय. ते घाईघाईनं समजावायला लागले की तसं काही नाही साहेब, मुलगी आमचीच, आम्ही फक्त ती विकली होती. 'विकली' ऐकल्यावर त्या भल्या माणसाचा चेहरा जो उतरला, तो आठवला की आजही हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी येतं.

थोड्या दिवसांनी वकिलातीचं पत्र आलं. मुलगी या दोघांचीच आहे हे डीएनए तपासणीनं सिद्ध केलंत तर ती तुमच्याबरोबर येऊ शकेल, नाही तर नाही. भोपाळातला एक डॉक्टर नेमून दिला होता, त्याच्यासमोर रक्त द्यायचं, सह्या करायच्या, नमुने बाहेर जाणार. बाबांची कळी लगेच खुलली. यंत्राचा विषय आला ना! त्यांनी ओट्यावर पत्त्यांचे दोन कॅट मांडले, एक लाल पाठीचा, एक निळ्या. गल्लीतले सगळे जमले. "हा बाप, ही आई. दोघांकडची अर्धी अर्धी पानं पोराच्या हातात. आता पोराच्या हातातलं प्रत्येक पान या दोन कॅटांपैकी एकात सापडायलाच हवं. सापडलं तर पोर यांचं. संपला विषय!" समोरचे सक्सेनाजी म्हणाले, "और जोकर निकल आया तो?" ओटाभर हशा पिकला. संध्याकाळपर्यंत पोरं आपापल्या आईबापांचे पत्ते वाटत गल्लीभर फिरत होती. आज माझी भाची, मायची नात, मोबाइलवरून नळी मागवते, तिच्यात थुंकते आणि परत पाठवून देते. आपण कुठल्या मुलखातले, याचा रंगीत नकाशा येतो म्हणे. आमच्या वेळी गल्ली जमली होती.

काकू मात्र त्या घोळक्यात नव्हती. ती आत ताक घुसळत होती, लोणी कधीच वर आलं होतं तरी. बाबांनी तारीख सांगितल्यावर ती म्हणाली, "रक्त हवं तेवढं काढा. पण तिथं आई म्हणून सही मागतील, तोंडानं विचारतील. ते मी नाही बोलणार."

"अगं, अठरा वर्षांची घोडी झाली ती. आता सटवाई तिला उचलायला आली तर तिचीच कंबर मोडेल."

"थट्टा करू नका. तुम्ही कारखान्यात असायचात. मांडीवर गार होताना मी बघितलंय." तिचा आवाज अगदी सरळ होता. "इतकी वर्षं झाकून ठेवलंय. आता सरकारी शिक्क्यानं गावभर सांगू, की या बघा, ही इथं आहे?"

"मग हिला इथं सोडून जायचं?"

"मी राहते हिच्यापाशी. तुम्ही व्हा पुढे."

मी भिंतीला टेकून हे ऐकत होते. खरं सांगते, मला त्या क्षणी कॅनडा दिसेना. माझ्यासाठी ही बाई परदेश सोडायला तयार होती, नवरा सोडून राहायला तयार होती, आणि 'माझी मुलगी' एवढे दोन शब्द तोंडातून सोडायला तयार नव्हती. मला तिचा भयंकर राग आला आणि तेवढंच भरूनही आलं. मला ते दोन शब्द हवे होते. बर्फ नको, विमान नको, ते दोन शब्द तिच्या तोंडून हवे होते.

कोंडी फोडली मायनं. दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरून वाटी द्यायला आली ती दुसरा हात कमरेवर ठेवूनच.

"काऊन व सुमती, तुह्या सटवाईले हिंदी येते का?"

काकूनं विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! ते आपल्या मुलखातली बाई. भोपाळात तिले कोण ओळखते? पोरीचा नवस कोन्त्या भाषेत बोलली होती तू?"

"मराठीत. दुसऱ्या कशात बोलणार?"

"मंग! डाक्टर तं हिंदीतच विचारन. तू हिंदीतच सांग. तिले समजलं तं माहं नाव बदल."

"देवीला भाषा लागत नाही हो," काकू पुटपुटली, पण वाटी घ्यायला पुढे केलेला तिचा हात थांबला होता. पुढचे दोन दिवस भाजी निवडताना मध्येच तिचे ओठ हलायचे. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणात बाबांना आमटी वाढताना म्हणाली, "डॉक्टर मराठी तर नाहीत ना?" बाबांनी इतक्या जोरात मान हलवली की चष्मा ताटात पडला.

डॉक्टरांचा दवाखाना बिट्टन मार्केटच्या बाजूला होता. जुने भोपाळी गृहस्थ, पांढरीशुभ्र दाढी, बोलणं लोण्यासारखं. आमचे फोटो लावले, अंगठे घेतले, एक साक्षीदार बसवला आणि काकूकडे वळून म्हणाले, "बहनजी, ये साहबज़ादी आपकी कौन हैं?"

काकूनं दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. पदर दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मेरी," ती म्हणाली, आणि अडकली. "मेरी बेटी है."

"ज़रा ज़ोर से फ़रमाइए, गवाह को भी सुनना है."

"मेरी बेटी है!" काकू ओरडली. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. "मैं इसकी माँ है. मैंने पैदा किया. मेरी बेटी है ये!"

डॉक्टर म्हणाले, "माशाल्लाह, अब तो पूरे मोहल्ले ने सुन लिया," आणि माझ्या दंडात सुई गेली ती मला कळलीसुद्धा नाही. मी रडत होते आणि हसत होते आणि बाबा दोन्ही हातांनी रुमाल शोधत होते.

त्यानंतर काकूला जे झालं त्याला मी वेडच म्हणेन. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम सुटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताच ऑटोवाल्याला म्हणाली, "भैया, धीरे चलाव, मेरी बेटी बैठी है." फळवाल्याला, "मेरी बेटी को मीठा वाला आम देव." बँकेतल्या शिपायाला, ज्याचा काही संबंध नव्हता, "ये मेरी लड़की, बारहवी पास." निकालाची वाट बघण्याच्या त्या दिवसांत ती कारण नसताना बाजारात जायची आणि मला बरोबर न्यायची. मीही मुद्दाम वाकडी वाट करायचे, की अजून चार दुकानं लागावीत. घरात मराठी बोलायला लागली की तिचं पुन्हा 'शकुंतलाबाईंच्या मुलीला हाक मार' सुरू. फाटकाबाहेर मी बेटी, फाटकाच्या आत शेजारणीची. तरी मी खूश होते. बोळ्यानं का होईना, दूध पोटात जात होतं.

निकाल आला तेव्हा गल्ली पुन्हा ओट्यावर. बाबांनी लिफाफा फोडला, वर-खाली वाचला आणि पत्ते आपटावेत तसा कागद जमिनीवर आपटला. "सगळी पानं जुळली! मुलगी आमची!" सक्सेनाजींनी त्यांना उचललं. माय फुगडी घालायला लागली, साठीची बाई. संध्याकाळी आम्ही सगळे बिट्टन मार्केटला गेलो आणि आनंदाच्या भरात मी इतक्या कुल्फ्या, इतका बर्फाचा गोळा आणि वर इतका उसाचा रस हाणला की कुणाचाही घसा बसला असता. माझा बसला. सकाळी अंग तव्यासारखं तापलं होतं.

काकूचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच उचलून घेतला, चटका बसल्यासारखा. कॉलनीतले डॉक्टर आले, तेव्हा खाटेपासून लांब, भिंतीशी उभी राहून म्हणाली, "शकुंतलाबाईंच्या मुलीला ताप आलाय." मराठी समजत नव्हतं त्यांना, पण हिंदीत सांगायचं धाडस तिला झालं नाही. बाबा चिडले, कुल्फीचा ताप आहे हा, घसा बघ तिचा! काकू ऐकायच्या पलीकडे होती. ती माझ्या खाटेपाशी बसेना. कपाळावरच्या पट्ट्या मायला बदलायला लावायची, आणि स्वतः दारात बसून बघत राहायची. ताप काही फार नव्हता. पण मी तोंड भिंतीकडे करून मुळूमुळू रडत होते. मिळालेलं परत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारीही ताप उतरेना. माय उठली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "सुमती, मी नेतो इले माह्या घरी. माही पोर हाय, माह्या घरी राहीन. तुह्या जीवाचा घोर जाईन." तिनं खरंच मला चादरीसकट उठवून बसवलं, काखेत हात घातला आणि आम्ही दोघी दाराकडे निघालो. काकू दारातच बसली होती. बाजूला सरकली. आम्ही तिच्यासमोरून उंबऱ्याशी पोचलो, मायचा एक पाय बाहेर पडला, आणि काकूनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अवं पण..."

"राहू द्या, शकुंतलाबाई. माझी मुलगी आहे ती."

मराठीत. मायनं बाहेर पडलेला पाय मागे घेतला. काकूला आपण काय बोललो ते एका क्षणानंतर कळलं असावं, कारण ती लटलट कापायला लागली. पण मनगट सोडलं नाही. उलट मला मागे ओढून आपल्या पाठीशी घातलं, फडताळातून तो लिफाफा काढला आणि उंबऱ्यात उभी राहून रिकाम्या, रखरखीत अंगणाकडे बघत ओरडली, "ऐकलंस का गं? माझी मुलगी आहे! पोटची! हे बघ, शिक्का आहे! अठरा वर्षं तुला घाबरून दुसरीची म्हणत आले, आता नाही म्हणणार! आधीची नेलीस ती माझीच होती, ही पण माझीच आहे, आणि ही मी देत नाही! ये, काय करायचं ते कर!"

समोरच्या घरात सक्सेनाजींची झोपमोड होऊन खिडकी उघडली. कुंपणावरचा कावळा उडाला. बाकी काहीच झालं नाही. काकू धापा टाकत उभी होती, अंबाडा सुटलेला, लिफाफा वर धरलेला, आणि तिच्या मागे मी, तिच्या पाठीच्या घामानं ओल्या झालेल्या पोलक्याला गाल लावून. माय डोळे पुसत म्हणाली, "गेली वाट्टे."

मग काकूनं मला खाटेवर निजवलं आणि या वेळी जवळ बसली. माझा घसा पार बसला होता, कोरड पडली होती.

"आई," मी म्हटलं, "पाणी."

ती उठली, माठापर्यंत गेली, आणि पेला हातात घेऊन तिथंच उभी राहिली. बराच वेळ तिची पाठ हलत होती. मग तिनं पाणी आणलं. अर्धं वाटेतच सांडलं होतं.